एका चुलीवरची माणसं

सत्यवतीला दिवसातून तीस-चाळीस माणसं हाकलून देत. सकाळी साडेनऊला बंगळूरच्या मारतहळ्ळीत, ऑफिसच्या सहाव्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून ती बसली, की साडेपाचपर्यंत हाच खेळ. कुणी ‘बेडा, बेडा’, नको, नको म्हणून फोन कापायचं, कुणी ओटीपी मागणारी चोरटी समजून पोलिसांची धमकी द्यायचं, आणि काही सज्जन आधी आईबहिणीवरून शिव्या घालून मग विचारायचे, की हं, बोला, काय हवंय? ती काही विकत नसे की मागत नसे. घरात माणसं किती, स्वयंपाक गॅसवर होतो की लाकडावर, गेल्या आठवड्यात कुणी उपाशी झोपलं का, एवढंच विचारायची. सत्यवतीचंही लोकांवर काही प्रेम ओसंडून चाललं नव्हतं. शिवी ऐकताना ती पडद्यावरचा ‘नकार’ हा पर्याय निवडायची आणि मनात म्हणायची, तुझ्या घरात तुला कुत्रं विचारत नसेल मेल्या, मी विचारतेय तर तेही सोसवेना.

वय चोपन्न. घराणं मराठी, पण बंगळूरचंच. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणी पूर्वज फौजेबरोबर कारकुनी करायला आला आणि परत गेलाच नाही. घरात बोलायचे ते मराठी, पण पुण्याच्या माणसाला ऐकून हसू येईल असं. सत्यवतीचं लग्न दावणगेरेला झालं. चार वर्षांनी नवरा काविळीनं गेला आणि ती एक ट्रंक घेऊन चामराजपेटच्या घरी परत आली. ते घर तिच्या वडिलांचं होतं, पोस्टातल्या नोकरीत पोट मारून बांधलेलं. ती भावाच्या घरी आली नव्हती, वडिलांच्या घरी आली होती. हे एवढं लक्षात ठेवा, कारण त्या घरातल्या बाकीच्यांनी ते विसरायचं ठरवलं होतं.

आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं सत्यवतीनं केलं. मग वडिलांचं केलं. वडील मृत्युपत्र न करता गेले, त्यामुळे घराच्या मालकीच्या, म्हणजे खात्याच्या उताऱ्यावर दोन नावं लागली, थोरला नरसिंहराव आणि धाकटी सत्यवती. नरसिंहराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झाला होता. बायको, मुलगा रघुनंदन आणि सून अनुषा यांच्यासह तो खाली राहायचा. सत्यवती गच्चीवरच्या खोलीत. स्वयंपाक एकच, खालचा, आणि तो सत्यवतीच करायची. वहिनीचे गुडघे गेले त्याला सहा वर्षं झाली होती आणि अनुषाच्या हाताला चूल ठाऊक नव्हती. पाचला उठून सत्यवती सारू, पल्या म्हणजे सार-भाजी आणि भात करून साडेसातची बस पकडायची. संध्याकाळी आली की पुन्हा पदर खोचायची. घरात ती दिवसातून चार वाक्यं बोलायची. कॉफी ठेवलीय. वाढलंय. कुकर उतरवा. मी जाते.

बोलायची ती कामावर. बावीस वर्षं तिनं दारोदार फिरून पाहण्या केल्या होत्या. चहाच्या कंपनीच्या, साबणाच्या, रेशनच्या, लसीच्या. तेव्हा तिची एक युक्ती होती. घंटी वाजवण्याआधी दाराबाहेरच्या चपला मोजायच्या. मालक म्हणाला घरात चौघं आणि बाहेर सहा जोड दिसले, की ही हसून म्हणायची, “आणि हे दोन जोड कुणाचे?” मग आतून एखादी आजी निघायची, नाही तर नवऱ्यानं टाकलेली लेक. करोनानं दारं बंद केली आणि पाहणी फोनवर गेली ती गेलीच. फोनवर चपला दिसत नाहीत. तिथं फक्त विचारता येतं.

विचारायचं कसं, हे छापून दिलेलं असतं. एका चुलीवर जेवणारी आणि गेले सहा महिने एका छपराखाली झोपणारी ती सगळी माणसं म्हणजे एक घर. नातं असो वा नसो. सांगणाऱ्याची यादी संपली तरी थांबायचं नाही. पुन्हा विचारायचं, “बेरे यारादरू इद्दारा?” म्हणजे अजून कुणी आहे का? एखादं म्हातारं माणूस, तान्हं मूल, घरी राहणारं नोकरमाणूस? या प्रश्नावर लोक हमखास अडखळायचे आणि म्हणायचे, हां, ती एक आहे. ‘ती एक’ हे शब्द सत्यवतीनं हजारो वेळा ऐकले होते. प्रत्येक वेळी तिला संताप यायचा आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, काय एकेक घरं असतात.

तिचा साहेब मकरंद. पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, हाताखालच्या सगळ्या बायकांना ‘ताई’ म्हणणारा आणि त्या ताईंचे फोन चोरून ऐकून गुण देणारा. नियम त्याच्या जिभेवर असायचे. बाईनं खरं नाव सांगायचं नाही. म्हणून सत्यवती तिथं ‘विद्या’ होती. नंबर संगणक लावणार आणि तो पडद्यावर दिसणार नाही. समोरचा माणूस ओळखीचा निघाला तर फोन तिथंच सोडून दुसऱ्या बाईकडे द्यायचा. स्वतःचा मोबाइल कपाटात ठेवायचा. आणि दिवसाचे फॉर्म संध्याकाळी सहाला बंद होतात, त्यानंतर देवालाही ते उघडता येत नाहीत. सत्यवतीनं चार वर्षांत एकही नियम मोडला नव्हता, आणि त्याचा तिला गर्व होता.

तर त्या गुरुवारी संध्याकाळी ती भाजी चिरत असताना नरसिंहराव स्वयंपाकघराच्या दारात आला. तो तिथं सहसा येत नसे. हातात कानडीत टाइप केलेला चार पानी कागद होता.

“सत्या, हे ठेव जवळ. सोमवारी अकराला रजिस्ट्रारकडं यायचंय. खात्यात नाव चुकलंय वडिलांचं, ते दुरुस्त करायचंय. नुस्ती सही आणि अंगठा. स्वल्प वेळाचं काम.”

“ऑफिस आहे सोमवारी, अण्णा.”

“एक दिवस उशिरा जा की. मी कधी काय मागितलो तुला?”

नव्हतंच मागितलं. तीस वर्षांत त्यानं तिच्याकडे भात सोडून काही मागितलं नव्हतं. सत्यवतीनं हात पुसले, कागद घडी करून पर्समध्ये टाकला. वाचला नाही. दिवसातून चाळीस वेळा परक्यांना ‘हे नीट ऐका, तुमचा सहभाग ऐच्छिक आहे, पटलं तरच होय म्हणा’ असं बजावणाऱ्या बाईनं स्वतःचा कागद उलगडूनही पाहिला नाही. भाऊच तो. त्याच्या कागदाला काय वाचायचं?

शुक्रवारी अकराच्या सुमारास संगणकानं एक नंबर लावला. पलीकडून कुणी खेकसलं, “यारु? एनु बेकु?” कोण, काय हवंय? आणि सत्यवतीला हसू फुटलं. नरसिंहराव! जन्मापासून ऐकलेला आवाज तिला ओळखायला काय वेळ लागणार? पडद्याच्या कोपऱ्यात ‘ओळखीचे’ असं बटण होतं. तिचं बोट तिथवर गेलं आणि थांबलं. त्यानं ओळखलं नव्हतं. तिला गंमत वाटली. आपण सगळं रीतसर विचारावं आणि रविवारी जेवताना फोडावं, की अण्णा, ती विद्या मीच. तो ओशाळेल, वहिनी पदर तोंडाला लावून हसेल. त्या घरात तिच्या बोलण्यावर कुणी हसून कित्येक वर्षं झाली होती. एवढ्या एका हसण्यासाठी तिनं चार वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला.

ती ठेवणीतल्या कानडी आवाजात म्हणाली, “नमस्कार सर, नानु विद्या माताड्तिद्दीनि.” मी विद्या बोलतेय. पुढचं सगळं रोजचं पाठ. पाहणीचं नाव, वीस मिनिटं, पन्नास रुपयांचं रिचार्ज, उत्तर नको असेल तर नका देऊ.

“तुझे पन्नास रुपये तुलाच ठेव,” तो म्हणाला. पण तुमच्यासारख्या ज्येष्ठांचं मत आमच्यासाठी महत्त्वाचं आहे, हे छापील वाक्य आलं आणि स्वारी विरघळली. निवृत्त माणसाला मत विचारणं म्हणजे मुंगीला गूळ दाखवणं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो ऐसपैस बसला असणार. तिला ती खुर्चीसुद्धा दिसत होती.

तीस वर्षं एका घरात राहून त्याला तिचा आवाज कसा ओळखू आला नाही? त्यात नवल काही नाही. आवाज ओळखायला तो आधी ऐकलेला असावा लागतो. तिची ती चार वाक्यं त्याच्या कानाला भिंतीवरच्या घड्याळाइतकीच सवयीची होती.

घरात किती माणसं, नावं सांगा. तो सांगू लागला, तोऱ्यात. पहिला मी, कुटुंबप्रमुख. दुसरी बायको. तिसरा मुलगा, मोठ्या कंपनीत आहे, त्याच्या हाताखाली अकरा जण. चौथी सून, तीही कंपनीत. सत्यवती वय, नातं, शिक्षण एकेक रकाना भरत गेली. पाचवी ओळ रिकामी लुकलुकत होती. ती हसऱ्या चेहऱ्यानं थांबली. धाकटी म्हणून शेवटी सांगत असेल.

“अष्टे,” नरसिंहराव म्हणाला. एवढंच.

“बेरे यारादरू इद्दारा, सर?”

“नाही हो बाई. चारच.”

विसरला असेल. लोक विसरतात, तिला माहीत होतं. तिनं म्हातारं माणूस, तान्हं मूल, नोकरमाणूस हे सगळं सावकाश वाचलं, आणि मग छापील वाक्यात नसलेले दोन शब्द स्वतःच्या पदरचे घातले. “एखादी बहीण वगैरे?”

पलीकडे खुर्ची करकरली. मग तो बोलला तेव्हा आवाजातला गूळ संपला होता. “एकदा सांगितलं ना चार? चार लिहा.”

म्हणजे विसरला नव्हता. सत्यवतीनं चार लिहिलं. तिला हेडफोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला. पण मागे कुठंतरी मकरंद ऐकत असण्याची शक्यता होती, आणि त्याहून खरं सांगायचं तर तिला आता पुढचं ऐकायचंच होतं.

घरात स्वयंपाक कोण करतं? “बायको.” रोज किती तास? “ते मला काय ठाऊक? वेळेवर ताट येतं.” तिनं त्याच्या बायकोचा दोन नंबर लिहिला. सहा वर्षं ज्या बाईनं दुधाला उकळी आणली नव्हती, तिच्या नावावर सत्यवतीच्या हातांनी सत्यवतीची सहा वर्षं चढली.

मग स्थलांतराचे प्रश्न आले. येत्या सहा महिन्यांत घर बदलणार आहात का? आणि नरसिंहराव पुन्हा खुलला. हो तर! सर्जापूर रोडला फ्लॅट घेतलाय, अकरावा मजला, तीन बेडरूम, खाली पोहण्याचा तलाव. हे जुनं घर बिल्डरला द्यायचंय, सोमवारी रजिस्ट्रेशन. किती जण जाणार? चौघं. मागे कुणी राहणार? कुणी नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्या पाहण्यांत सारखाच असतो. घर बदललं, नंबर बदलला तर माणूस शोधायचा कसा? म्हणून विचारतात, तुमचा ठावठिकाणा ज्याला नेहमी माहीत असेल असं एक माणूस सांगा, पण ते तुमच्या घरात राहणारं नको.

नरसिंहरावानं थोडा विचार केला. मग मोबाइलमध्ये बघून सत्यवतीचाच नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला.

“नातं?”

“धाकटी बहीण.”

“त्या तुमच्या घरात राहत नाहीत ना, सर? घराबाहेरचंच माणूस हवं.”

“नाही, नाही. म्हणजे...” तो घुटमळला. “तिची सोय केलीय. हेब्बाळच्या पुढं एक बायकांचा आश्रम आहे, तिथं नाव घातलंय. चांगलं आहे, बाग वगैरे. तिला अजून सांगितलो नाही. सही झाली की सांगणार. लिहा तुम्ही, वेगळी राहते.”

सत्यवतीनं लिहिलं, वेगळी राहते. आभार मानले. पन्नासाचं रिचार्ज त्याच्या नंबरवर पाठवलं. ते त्यानं घेतलं.

पाच मिनिटांत मकरंद खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याच्या पडद्यावर लाल ओळ आली होती.

“ताई, एक इश्यू आहे. या केसचा कॉन्टॅक्ट नंबर आपल्या स्टाफच्या लिस्टमध्ये मॅच होतोय. म्हणजे तो तुमचाच आहे.”

“हो.”

“मग हे तुमचे...”

“भाऊ.”

“अहो, मग ट्रान्स्फर का नाही केलात? दिस इज अ क्लिअर व्हायोलेशन. मला रिपोर्ट करावं लागेल, यू नो दॅट.” तो चिडलाच होता. मग पडदा वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. “पण ताई, चामराजपेट म्हणजे तुमचं घर ना? तुम्ही तिथंच राहता. म्हणजे हाउसहोल्ड साइज पाच पाहिजे. मी करेक्ट करू का? सहापर्यंत ओपन आहे फॉर्म.”

“नाही.”

“अहो पण डेटा चुकीचा जातोय.”

“समोरचा सांगेल ते लिहायचं, आपल्याला माहीत आहे ते नाही. तुम्हीच शिकवलंत, सर. तो चार म्हणाला. मी दोनदा विचारलं, तरी चार म्हणाला. चारच जाऊ दे.”

मकरंद जायला वळला. “सॉरी, ताई,” एवढं म्हणाला आणि जागेवर जाऊन त्यानं ताकिदीचा मेल पाठवला. दुःख दुःखाच्या जागी, नियम नियमाच्या जागी. सत्यवतीला त्याचा राग आला नाही. निदान त्यानं तोंडावर तरी सांगितलं होतं.

संध्याकाळी बस सिल्क बोर्डाच्या चौकात नेहमीसारखी अडकली. तिथं तिनं पर्समधला कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचला, जसा ती लोकांना वाचून दाखवते तसा, शब्द न गाळता. वडिलांच्या नावाची दुरुस्ती चार पानांत कुठंच नव्हती. सदर मिळकतीतील माझा संपूर्ण हक्क मी थोरल्या बंधूंच्या नावे राजीखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमचा सोडून देत आहे. राजीखुशीनं! केसानं गळा कापायचा आणि वर लिहून घ्यायचं, की गळा मीच पुढे केला.

घरी पोचली तेव्हा दार उघडं होतं. बावीस वर्षांची सवय, तिची नजर चपलांवर गेली. दाराबाहेरच्या कपाटात चौघांच्या चपला होत्या, बूट होते, रघुनंदनच्या पळायच्या बुटांना वेगळा खण होता. तिच्या चपला मागच्या दारी नळापाशी असायच्या. तिथं ठेव असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. कपाट भरलं तेव्हा तिनंच आपला जोड उचलून मागे नेला होता, सहज, कुणाला अडचण नको म्हणून. सर्वेक्षण करणारी बाई आज या दारात उभी राहिली असती तर तिनंही चारच मोजले असते. सत्यवतीला भावाचा राग होताच, पण त्या क्षणी तिला स्वतःचाच जास्त आला.

भांडायला तोंड होतं तिला. पण भांडण म्हणजे पुन्हा विचारणंच, आणि तिनं दोनदा विचारून झालं होतं. शनिवारी ती गांधीबाजारात गेली आणि एक विजेची शेगडी, एक लहान पातेलं आणि शेरभर तांदूळ घेऊन आली. खाली कुणी विचारलं नाही पिशवीत काय आहे. वर जाऊन तिनं शेगडी खिडकीपाशी मांडली. कॉफी करून बघितली. बरी झाली.

रविवारी तिनं खाली स्वयंपाक केला तो बरोबर चौघांचा. चार वाट्या हुळी म्हणजे सांबार, चौघांचा भात, चार होळग्या म्हणजे पुरणपोळ्या. वाढून झाल्यावर ती मागच्या दारानं निघाली.

“भात कमी पडला ग, सत्या,” वहिनी म्हणाली. “तुझ्यापुरता उरला नाही बघ.”

“चौघांचाच केला होता, वैनी.”

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं लक्ष होळगीत होतं. “उद्या अकराला, सत्या,” तो मान वर न करता म्हणाला. “ऑफिसला जाऊन तिथनं ये पाहिजे तर. कागद आण मात्र.”

“ऐकलं,” सत्यवती म्हणाली आणि वर जाऊन आपल्या पातेल्यातला भात जेवली.

सोमवारी ती साडेसातच्या बसनं कामावर गेली. कागद घरीच होता, खालच्या जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली, सही नसलेला. त्यावरून चौघांना कळायला हवं होतं. पण नरसिंहरावाला वाटलं, कागद विसरली वेंधळी. तो घेऊन तो बायको, मुलगा आणि सुनेसह गाडीत बसला. बहिणीनं न येणं ही गोष्ट त्याच्या डोक्यातच शिरत नव्हती, कारण वाढलेलं ताट त्याच्यापुढं आलं नाही असं आजवर कधी घडलंच नव्हतं.

एक वाजता जेवणाच्या सुट्टीत सत्यवतीनं कपाटातून मोबाइल काढला. अण्णाचे नऊ फोन येऊन गेले होते. डबा घेऊन ती जिन्यापाशी आली तोवर दहावा वाजला. तिनं तो थोडा वाजू दिला, मग उचलला.

“सत्या! आहेस कुठं तू?” मागे गर्दीचा गलका होता. “सगळे खोळंबलेत इथं. बिल्डरची माणसं आलीत. तो कारकून उतारा बघून तिसऱ्यांदा विचारायलाय, दोन वारस आहेत, दुसरं नाव कुठंय म्हणून. मी काय सांगू त्याला? हलो? सत्या?”

सत्यवतीनं घसा साफ केला. आणि तिचा तो ठेवणीतला आवाज आला, स्वच्छ, गोड, परका.

“नमस्कार सर, नानु विद्या माताड्तिद्दीनि.”

तिनं वाट पाहिली नाही. छापील प्रश्न होता तसाच विचारला, एकही शब्द न गाळता. तुमच्या घरात एका चुलीवर किती जण जेवतात, सर?

मागच्या गलक्यात कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. मग नरसिंहरावाचा आवाज आला. तीस वर्षांत पहिल्यांदा तो तिचा आवाज तिचा म्हणून ऐकत होता, आणि शुक्रवारी आपण त्याच आवाजाला काय काय सांगितलं ते त्याला एकेक आठवत असणार, आश्रमासकट, त्यातल्या बागेसकट.

“सत्या... ती... तू होतीस?”

“बेरे यारादरू इद्दारा, सर?”

“ऐक ना, मी म्हणजे...”

“अजून कुणी, सर?”

“पाच,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “पाच जण. पाच लिही, सत्या. ऐकलीस? पाच लिही आणि ये तू इकडं.”

सत्यवती पायरीवर बसली. कानडी सोडून ती आता मराठीत बोलली, घरच्या, पुण्याला हसू येईल अशा मराठीत.

“फॉर्म शुक्रवारी सहालाच बंद झाला, अण्णा. आता त्यात काय बदलता येत नाही.”

तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि मांडीवर डबा उघडला. चित्रान्न होतं, एकटीपुरतं, सकाळी वरच्या शेगडीवर केलेलं. लिंबू जरा जास्त झालं होतं.